गटाची प्रतिष्ठा आणि स्पर्धेची रचना : अमेरिकेतील 'सन बेल्ट' गट व खानदेशातील महाविद्यालयीन क्रीडास्पर्धा

प्रस्तावना

महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रात एखाद्या संघाचे मूल्यमापन पुष्कळदा त्याच्या प्रत्यक्ष खेळावरून न होता, तो ज्या गटातून आला त्या गटाच्या लौकिकावरून होते. पंजाब वा चंदीगडमधील विद्यापीठाचा संघ समोर आला की प्रतिस्पर्धी सावध होतात. तुलनेने अपरिचित विद्यापीठाचा संघ समोर आला की सामना सोपा जाईल असे गृहीत धरले जाते. हा केवळ मानापमानाचा प्रश्न नाही. निवड चाचणीत कोणाकडे लक्ष जाते, प्रशिक्षण शिबिराचे निमंत्रण कोणाला मिळते, कोणते प्रमाणपत्र नोकरीच्या वेळी उपयोगी पडते, या सर्व बाबी स्पर्धेच्या स्तराशी निगडित आहेत. महाराष्ट्रात शासकीय सेवेत पाच टक्के क्रीडा आरक्षण असल्याने ग्रामीण विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा प्रश्न उपजीविकेचा ठरतो.

गटाची प्रतिष्ठा कशी घडते आणि दीर्घकाळ कमी लेखला गेलेला गट वर कसा येतो, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलमधील 'सन बेल्ट' या गटाचे उदाहरण घेतले असून त्याच्या प्रकाशात जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील स्पर्धारचनेचा विचार केला आहे.

१. भारतातील आंतरविद्यापीठीय रचना

भारतातील विद्यापीठांच्या समन्वयासाठी १९२५ मध्ये आंतरविद्यापीठ मंडळ स्थापन झाले. १९७३ मध्ये त्याचे नामांतर भारतीय विद्यापीठ संघ असे झाले. या संघाच्या वतीने होणाऱ्या सांघिक क्रीडास्पर्धांसाठी देशाची उत्तर, दक्षिण, पूर्व व पश्चिम अशी विभागणी केली जाते. पश्चिम विभागात प्रामुख्याने महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, गोवा व मध्य प्रदेशातील विद्यापीठे येतात. बहुतेक सांघिक खेळांत प्रत्येक विभागातील पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेस पात्र ठरतात आणि तेथील पहिल्या आठ संघांना खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडास्पर्धेत प्रवेश मिळतो.

सर्वोत्कृष्ट क्रीडा कामगिरी करणाऱ्या विद्यापीठास १९५६-५७ पासून मौलाना अबुल कलाम आझाद करंडक दिला जातो. अमृतसरच्या गुरुनानक देव विद्यापीठाने तो वीसहून अधिक वेळा मिळवला. अलीकडच्या काळातही चंदीगडचे पंजाब विद्यापीठ, गुरुनानक देव विद्यापीठ आणि २०२४ च्या पुरस्कारात चंदीगड विद्यापीठ हेच मानकरी ठरले. या परंपरेमुळे उत्तर विभागाची प्रतिष्ठा इतकी दृढ झाली आहे की अन्य विभागांतील गुणवत्तेची दखल उशिरा घेतली जाते. वास्तविक २०२० मध्ये भुवनेश्वर येथे झालेल्या पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने पंजाब विद्यापीठाइतकीच, म्हणजे १७ सुवर्णपदके मिळवली होती. पंजाब विद्यापीठाची रौप्यपदके १९ व पुण्याची ११ असल्याने विजेतेपद चंदीगडला गेले. पश्चिमेकडील एक विद्यापीठ अग्रस्थानाच्या इतके समीप पोहोचू शकते, हे त्या पदकतालिकेने दाखवून दिले.

याच रचनेची छोटी प्रतिकृती प्रत्येक विद्यापीठात असते. १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेले आणि २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाणारे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ पूर्वी पुणे विद्यापीठाच्या कक्षेत असलेल्या खानदेशासाठी निर्माण झाले. त्याच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जळगाव, एरंडोल, धुळे व नंदुरबार अशा विभागांतून होतात. विभागीय स्पर्धेनंतर आंतरविभागीय स्पर्धा आणि तेथून विद्यापीठ संघाची निवड, असा क्रम असतो. एखाद्या विभागाला 'बलवान' आणि दुसऱ्याला 'दुबळा' म्हणण्याची प्रवृत्ती या पातळीवरही आढळते.

२. अंतर्गत विजयाची मर्यादा

गटाच्या प्रतिष्ठेसंबंधी एक साधे गणिती सत्य सहसा लक्षात घेतले जात नाही. गटातील संघ परस्परांशी खेळतात तेव्हा प्रत्येक सामन्यात एक विजय व एक पराभव नोंदवला जातो. त्यामुळे संपूर्ण गटाच्या अंतर्गत सामन्यांची बेरीज केली तर विजय आणि पराभव नेहमी समसमान येतात. गट अत्यंत बलवान असो वा अत्यंत दुर्बल, ही बेरीज बदलत नाही. म्हणजेच अंतर्गत सामन्यांवरून गटातील संघांचा परस्परक्रम ठरतो. अन्य गटांच्या तुलनेत तो गट कोठे उभा आहे हे त्यावरून कळू शकत नाही. ती माहिती फक्त गटाबाहेरील सामन्यांतून मिळते.

दुसरी मर्यादा बाद पद्धतीची आहे. ६४ संघांची बाद पद्धतीची स्पर्धा घेतल्यास एकूण ६३ सामने होतात. त्यांपैकी ३२ संघ पहिल्याच सामन्यानंतर आणि आणखी १६ संघ दुसऱ्या सामन्यानंतर बाहेर पडतात. याचा अर्थ ४८ संघांच्या वाट्याला जास्तीत जास्त दोनच सामने येतात. विजेता निवडण्यासाठी ही पद्धत काटकसरीची व सोयीची आहे. परंतु उरलेल्या संघांची खरी कुवत जाणण्यासाठी ती अपुरी आहे. पहिल्याच फेरीत अंतिम विजेत्याशी गाठ पडलेला उत्तम संघ आणि खरोखर दुबळा संघ या दोघांची नोंद एकसारखीच होते.

ही दोन सूत्रे एकत्र पाहिली की कमी लेखला गेलेला गट वर्षानुवर्षे तसाच का राहतो याचा उलगडा होतो. त्याला बाहेरचे सामने कमी मिळतात, म्हणून त्याच्याविषयी पुरावा नसतो. आणि पुरावा नसल्याने जुने मत कायम राहते.

३. 'सन बेल्ट' : उपहासाकडून मान्यतेकडे

अमेरिकेत 'फुटबॉल' हा शब्द वेगळ्या खेळासाठी वापरला जातो. अंडाकृती चेंडू हाती घेऊन धावणे किंवा फेकणे, आणि चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकणे हे त्याचे मुख्य सूत्र आहे. तेथील विद्यापीठे ज्या कायमस्वरूपी गटांत विभागलेली असतात त्यांना 'कॉन्फरन्स' म्हणतात. या संज्ञेचा विद्वत्परिषदेशी संबंध नाही. तो स्पर्धेसाठी एकत्र आलेल्या विद्यापीठांचा संघ होय. काही मोजके गट धनाढ्य व प्रतिष्ठित मानले जातात, तर उर्वरित गट दुय्यम समजले जातात.

देशाच्या दक्षिण भागातील 'सन बेल्ट' या गटाची स्थापना १९७६ मध्ये झाली. मात्र फुटबॉलची स्पर्धा त्याने २००१ मध्ये सात संघांनिशी सुरू केली. त्या पहिल्याच हंगामातील घटना बोलकी आहे. नॉर्थ टेक्सास विद्यापीठाने गटातील सहापैकी पाच सामने जिंकून अग्रस्थान मिळवले, पण गटाबाहेरील पाचही सामने गमावले. एकूण हिशेबात विजयांपेक्षा पराभव अधिक असलेला हा संघ गटाच्या वतीने हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात उतरला आणि तेथेही कोलोरॅडो स्टेटकडून पराभूत झाला. अशा गटाची चेष्टा झाली यात नवल नव्हते. तत्कालीन प्रतिमा अन्यायकारक नव्हती, ही बाब येथे मान्य करावी लागते. प्रश्न असा की गट सुधारल्यानंतर ती प्रतिमा केव्हा बदलली.

२०१४ मध्ये ॲपलाचियन स्टेट व जॉर्जिया सदर्न ही खालच्या श्रेणीत मोठी परंपरा असलेली विद्यापीठे या गटात आली. यांपैकी ॲपलाचियन स्टेटने २००७ मध्ये, खालच्या श्रेणीत असतानाच, मिशिगनसारख्या मातब्बर विद्यापीठाचा त्याच्याच मैदानावर ३४-३२ असा पराभव केला होता. पुढे १२ सप्टेंबर २०२० या एकाच दिवशी लुईझियानाने आयोवा स्टेटला, आर्कान्सा स्टेटने कॅन्सस स्टेटला आणि कोस्टल कॅरोलायनाने कॅन्ससला हरवले. पराभूत झालेले तिन्ही संघ 'बिग ट्वेल्व्ह' या प्रतिष्ठित गटातील होते.

दोन वर्षांनी, १० सप्टेंबर २०२२ रोजी याची पुनरावृत्ती अधिक ठळकपणे झाली. मार्शलने राष्ट्रीय क्रमवारीत आठव्या स्थानी असलेल्या नोटर डेमला २६-२१ असे, ॲपलाचियन स्टेटने सहाव्या स्थानावरील टेक्सास ए अँड एमला १७-१४ असे आणि जॉर्जिया सदर्नने नेब्रास्काला ४५-४२ असे पराभूत केले. तिन्ही सामने प्रतिस्पर्ध्यांच्या मैदानावर झाले. अमेरिकेत मोठी विद्यापीठे सोपा विजय मिळावा या अपेक्षेने छोट्या विद्यापीठांना मोबदला देऊन खेळायला बोलावतात. या तीन सामन्यांसाठी यजमानांनी पाहुण्यांना प्रत्येकी दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली होती, असे त्या वेळी माध्यमांत प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्यांनी पैसे देऊन विजयाची सोय केली, त्यांनीच पराभवाचा खर्च उचलला. नेब्रास्काने दुसऱ्याच दिवशी आपल्या मुख्य प्रशिक्षकास पदावरून दूर केले.

२०२३ च्या हंगामात या गटातील १४ पैकी १२ संघांना हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यांत स्थान मिळाले. २०२४ पासून राष्ट्रीय अजिंक्यपदाची फेरी चारऐवजी बारा संघांची झाली आणि क्रमवारीत वर असलेल्या पाच गटविजेत्यांना तीत प्रवेश निश्चित करण्यात आला. या नियमाचा लाभ घेत २०२५ मध्ये 'सन बेल्ट'चा विजेता जेम्स मॅडिसन या फेरीत पोहोचला, तर नामांकित 'अटलांटिक कोस्ट' गटाचा विजेता ड्यूक क्रमवारीत मागे पडल्याने वगळला गेला. जेम्स मॅडिसन पहिल्याच सामन्यात ओरेगनकडून ५१-३४ असा हरला. तथापि ज्या गटाचा पहिला अग्रणी संघ बाहेरचा एकही सामना जिंकू शकला नव्हता, त्याचा प्रतिनिधी देशातील बारा संघांत मोजला गेला, हे परिवर्तन लक्षणीय आहे.

४. परिवर्तनाची कारणे आणि त्याची किंमत

या परिवर्तनामागे तीन कारणे दिसतात. पहिले कारण सामन्यांच्या वेळापत्रकाचे. २०२२ ते २०२५ या काळात गटातील १४ संघ प्रत्येकी आठ सामने आपसात आणि सर्वसाधारणपणे चार सामने गटाबाहेर खेळत असत. म्हणजे एका हंगामात सुमारे ५६ सामने बाहेरच्यांशी होत. गटाची सामूहिक प्रतिष्ठा याच सामन्यांवर अवलंबून होती. यांतील बरेच सामने पराभवाची शक्यता गृहीत धरूनच स्वीकारलेले होते. पराभव टाळण्यासाठी बलवान प्रतिस्पर्धी टाळला असता, तर विजयाची संधीही गेली असती.

दुसरे कारण भौगोलिक सलगतेचे. आयडाहो व न्यू मेक्सिको स्टेट या दूरस्थ विद्यापीठांचा फुटबॉलपुरता सहभाग २०१७ नंतर न वाढवण्याचा निर्णय गटाने घेतला. पुढे २०२२ मध्ये मार्शल, ओल्ड डोमिनियन, सदर्न मिसिसिपी व जेम्स मॅडिसन ही विद्यापीठे समाविष्ट झाली. त्यामुळे प्रवासाचा ताण कमी झाला, शेजारच्या विद्यापीठांमधील चुरस वाढली आणि प्रेक्षकांचा सहभागही वाढला. तिसरे कारण, एखादाच संघ नव्हे तर अनेक संघ एकाच काळात सक्षम होणे. एका संघाचा विजय अपवाद म्हणून बाजूला सारता येतो. एका दिवशी तीन संघ जिंकले तर ते शक्य होत नाही.

या यशाला दुसरी बाजूही आहे. प्रतिष्ठा वाढली की मोठ्या संस्थांचे लक्ष जाते आणि गुणी माणसे बाहेर पडतात. जेम्स मॅडिसनचे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी २०२३ च्या हंगामानंतर इंडियाना विद्यापीठात गेले. त्यांच्यासोबत अनेक खेळाडूही गेले आणि पुढच्याच वर्षी इंडियानाने अजिंक्यपदाच्या फेरीत प्रवेश केला. गटाची प्रतिष्ठा टिकवायची तर एका प्रशिक्षकावर किंवा एका पिढीवर विसंबून चालत नाही, हा यातील बोध होय.

५. कोल्हापूरचे उदाहरण

महाराष्ट्रात या प्रश्नाची वेगळी छटा कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये आढळते. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग, शाहू स्टेडियमवर उसळणारी गर्दी आणि पेठापेठांशी जोडलेल्या तालमी व मंडळांची ईर्ष्या ही तेथील जुनी परंपरा आहे. परंतु स्थानिक लीग कितीही चुरशीची असली तरी तीतील सामने शहरातल्या शहरात होतात. त्यामुळे तिची गुणवत्ता बाहेरच्यांना दीर्घकाळ अनुमानानेच जोखावी लागली. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्यातील क्रीडा प्रबोधिनीतून पुढे गेला आणि २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात राष्ट्रीय संघातून खेळला, तेव्हा त्या मातीतील खेळाची देशपातळीवर चर्चा झाली. येथे खेळाडूने सीमा ओलांडली, लीगने नव्हे. खेळाडूचा लौकिक गावाला अभिमान देतो, पण मागे राहिलेल्या संघांना त्यामुळे बाहेरचे सामने मिळतातच असे नाही.

६. खानदेशाच्या संदर्भात विचार

उपरोक्त विवेचन जळगाव-धुळ्याच्या परिस्थितीस लागू करताना एक फरक स्पष्ट केला पाहिजे. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल हा दूरचित्रवाणीच्या हक्कांवर चालणारा प्रचंड व्यवसाय आहे. खानदेशातील महाविद्यालयात क्रीडा संचालक हेच बहुधा प्रशिक्षक, व्यवस्थापक आणि प्रवासाची तिकिटे काढणारे असतात. म्हणून तेथील आर्थिक व्यवहार येथे आणण्याचा प्रश्न उद्भवत नाही. अनुकरणीय आहे ते वेळापत्रकामागील तत्त्व.

आंतरविभागीय स्पर्धेत कधी जळगाव, कधी धुळे, कधी नंदुरबार विजयी होईल. त्यातून विद्यापीठाचा उत्तम संघ निवडला जाईल. परंतु त्या संघाची खरी परीक्षा पश्चिम विभागीय स्पर्धेत आणि राज्य आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सवातच होते. पश्चिम विभागात आरंभीच्या फेऱ्या बाद पद्धतीने होत असल्याने एका सामन्यानंतर परतीचा प्रवास सुरू होण्याची शक्यता मोठी असते. वर्षभराच्या सरावाचा निकाल एका दुपारी लागतो आणि संघ 'दुबळा' असल्याचे मत आणखी घट्ट होते. हा निष्कर्ष कदाचित खरा असेल, कदाचित नसेल. मात्र एका सामन्याच्या आधारे तो काढता येत नाही.

यावर उपाय खानदेशाच्या भूगोलातच आहे. मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्यात परस्परांना छेदतात. तापीकाठच्या लोहमार्गाने जळगाव सुरतेशी जोडलेले आहे. सुरतचे वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ, इंदूरचे देवी अहिल्या विश्वविद्यालय, छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, अमरावतीचे संत गाडगेबाबा विद्यापीठ आणि पुणे विद्यापीठाच्या कक्षेतील नाशिकची महाविद्यालये ही सर्व एका दिवसाच्या प्रवासाच्या टप्प्यात येतात. मुंबई-पुण्याच्या दृष्टीने कडेला असलेला हा प्रदेश तीन राज्यांच्या सांध्यावर आहे. निवड झालेल्या विद्यापीठ संघाने मुख्य स्पर्धेपूर्वी या शेजाऱ्यांशी मैत्रीपूर्ण सामने खेळले, किंवा जळगाव, अमळनेर, धुळे येथील जुन्या महाविद्यालयांनी आळीपाळीने साखळी पद्धतीच्या निमंत्रित स्पर्धा भरवल्या, तर प्रत्येक संघाला पराभवानंतरही पुढचा सामना मिळेल. चार संघांच्या साखळीत सहा सामने होतात आणि प्रत्येक संघ तीन वेळा मैदानात उतरतो. वसतिगृहात निवास व महाविद्यालयाचे मैदान उपलब्ध असेल तर त्याचा खर्चही आवाक्यात राहतो.

अशा सामन्यांच्या नोंदी ठेवणे तितकेच आवश्यक आहे. प्रतिस्पर्धी, गुणफलक, संघातील खेळाडू व दिनांक यांची वर्षानुवर्षे जपलेली नोंद असेल तर गटाच्या प्रगतीविषयी मतांऐवजी पुराव्याने बोलता येईल. मैत्रीपूर्ण सामन्याच्या प्रमाणपत्राला नोकरीच्या वेळी मोल नसते हे खरे. परंतु ज्या स्पर्धेच्या प्रमाणपत्राला मोल आहे, तिच्या पहिल्या फेरीत टिकण्याची तयारी याच सामन्यांतून होते. प्राध्यापकवर्गाचे सहकार्यही येथे महत्त्वाचे ठरते. सामन्यासाठी बाहेरगावी गेलेल्या विद्यार्थ्याची उपस्थिती, प्रात्यक्षिके व अंतर्गत मूल्यमापन यांची वेळीच सोय झाली नाही, तर बाहेरचे सामने त्याला लाभाऐवजी शिक्षाच वाटतील.

समारोप

प्रतिष्ठा ही गुणवत्तेची सावली असली तरी सावली पडण्यासाठी उजेडात यावे लागते. 'सन बेल्ट' गटाची गुणवत्ता एका दिवसात वाढलेली नव्हती. ती आधीपासून वाढत होती आणि बलवानांशी झालेल्या सामन्यांनी ती सिद्ध झाली. त्यासाठी त्या गटाने अनेक पराभव पत्करले. खानदेशातील महाविद्यालयीन संघ कमी प्रतीचे आहेत की केवळ कमी पारखलेले, या प्रश्नाचे उत्तर आज कोणाच्याही मतावर सोडण्याचे कारण नाही. पुरेसे सामने खेळले गेले तर ते उत्तर मैदानावरच मिळेल. ते प्रतिकूल आले तरी काय सुधारावे हे त्यातून कळेल. अनुकूल आले तर एका पिढीच्या विद्यार्थ्यांना त्यांच्या हक्काची दखल मिळेल.